आत कुणी नाही

आमच्या सासऱ्यांना इंग्रजी येत नाही. टीव्हीवर कुणी फाडफाड बोलायला लागलं की ते सरळ चॅनल बदलतात. पण एका इंग्रजी शब्दावर त्यांची अशी मालकी आहे, की कुणी तो त्यांच्यासमोर उगाच वापरला तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. तो शब्द म्हणजे शटडाऊन.

"कॉम्प्युटर शटडाऊन केला," असं मी सहज म्हणाले की लगेच खुर्चीतून उत्तर यायचं, "बंद केलास. शटडाऊन नाही केलास." बातम्यांत कुठल्या तरी शहराचं शटडाऊन झालं म्हणून सांगितलं, तर त्यावरही तेच. "कुलूप कोणी घातलंय? किल्ली कुणाकडे? आत कोण आहे? यांतलं एक माहीत नाही, आणि म्हणे शटडाऊन!"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतंच, यांना हे लागलं. नंतर मी त्यांच्याच कारखान्यात कामाला लागले आणि माझं हसणं बंद झालं.

आमचा कारखाना दगड दळतो. दगड जातो, पीठ येतं, ते पोत्यांत भरून कुठं कुठं जातं. दळणारी मिल म्हणजे आडवा पडलेला एक अजस्र पोलादी ड्रम. तो स्वतःभोवती फिरतो आणि आतले लोखंडी गोळे दगडावर आपटत राहतात. मधे एक जाड भिंत घालून ड्रमचे दोन खण केलेत. भिंतीच्या मध्यात एक भोक आहे, त्यातून माणूस सरपटत पलीकडच्या खणात जाऊ शकतो. ड्रमला आतून पोलादी पत्रे बसवलेले असतात. ते झिजले की बदलायचे. त्यासाठी माणसानं एका छोट्या दारातून आत शिरायचं. आत शिरलेल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि त्याचा वॉकीटॉकीही चालत नाही. पोलादातून बोलणं जाईल कुठून?

सासरे तरुण असताना एकदा मिल थांबवून त्यांनी दारातून हात आत घातला होता. बटण बंद होतं, वीज नव्हती, मोटर गार होती. पण गोळे ड्रमच्या एका अंगाला चढून बसले होते. ते घसरले आणि त्यांच्या वजनानं ड्रम आपसूक फिरला. फार नाही, दाराएवढाच फिरला. सासऱ्यांची उजवी बाही तेव्हापासून रिकामी आहे.

"मशीन बंद असतं ते मशीनच्या मर्जीनं," ते सांगतात. "शटडाऊन असतं ते माणसाच्या मर्जीनं. बंद मशीन कधी चालू होईल याचा भरवसा नाही. शटडाऊन घेतलेलं मशीन ज्यानं घेतलं तोच चालू करू देणार. घेणारा तोच, परत देणाराही तोच. मधे देव आला तरी थांबायचं."

त्यांच्या हातामुळंच कारखान्यात नियम आला. आत जाणाऱ्यानं खाली स्विचरूममध्ये मिलच्या मुख्य खटक्याला स्वतःचं कुलूप घालायचं. ड्रमखाली लोखंडी खिट्टी ठोकायची, म्हणजे तो आपल्या वजनानं फिरणार नाही. मग वॉकीवर आपलं नाव घेऊन सांगायचं, शटडाऊन घेतलं. काम झालं की आत तोंड घालून साथीदाराच्या नावानं हाक मारायची, दार लावायचं, खिट्टी काढायची, कुलूप काढायचं आणि त्याच माणसानं, त्याच आवाजात सांगायचं, शटडाऊन परत. हे सगळं ऐकून, आधी सायरन देऊन मग मिल चालू करणारी बाई म्हणजे मी. वर काचेच्या कंट्रोल रूममध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायचं काम.

आणि ज्यांच्या शेळ्या हाकायच्या ते दोघं माझ्याच घरातले. आमचे हे फिटर, कारखान्यात यांना सगळे थोरला म्हणतात. माझे दीर धाकला. त्यांचं लग्न व्हायचंय, राहतात आमच्यातच. दोघं ड्रमच्या आतलं काम जोडीनं करतात.

या जोडीची एक गंमत होती. सासरे निवृत्त झाले तेव्हा त्यांचं ते जुनं पितळी कुलूप दोघांनाही हवं होतं. म्हाताऱ्यानं न्याय केला. कुलूप एक, किल्ल्या दोन, प्रत्येकाला एक. मी तेव्हा खो खो हसले होते, की घरात एक टूथपेस्ट दोघांना पुरत नाही, यांना एक कुलूप कसं पुरणार? नियमाप्रमाणं एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. पण एका बापाचे लेक, एकत्रच आत जातात, एकत्रच बाहेर येतात, बापाची आठवण आहे, असं म्हणून कारखान्यानंही कानाडोळा केला. ज्यानं आयुष्यभर नियमाचा धोशा लावला, त्यानंच मायेपोटी नियमाला भोक पाडलं. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

दुसरी गंमत आवाजाची. दोघांचा आवाज एकच आहे, हुबेहूब. सासूबाई जिवंत असेपर्यंत फोनवर फसत राहिल्या. लहानपणी हे दोघं एकमेकांच्या नावानं मार चुकवायचे म्हणे. मी मात्र फुशारकी मारायचे, की मला ओळखू येतं. आवाज नव्हे, सवयी. धाकले भाऊजी वॉकीचं बटण इतक्या घाईनं सोडतात की शेवटचं अक्षर तुटतंच. आमचे हे बोलून झाल्यावरही बटण क्षणभर दाबून धरतात, काही राहिलं तर नाही ना सांगायचं, असा विचार करत. त्यामुळं त्यांच्या बोलण्यानंतर जरा वेळ नुसता मिलचा परिसर ऐकू येतो, पंख्याची घरघर, कुठं वाफेची फुसफुस.

यांची आणखी एक सवय, ती मला घरातही छळते. बसवलेली कुठलीही गोष्ट हे ठोकून बघतात. टक टक, जरा थांबायचं, कान लावायचा, मग पुन्हा एकच टक. दाराची बिजागरी, गॅसची टाकी, नवीन कढई, सगळं. नीट बसलं असेल तर शेवटच्या टकचा आवाज भरीव येतो म्हणे. मी म्हणते, "डोकं ठोकून बघा एकदा, भरीव आहे का कळेल."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, तोवर भांडण झालं.

झालं असं, की भाऊजी एका सकाळी एकटेच ड्रममध्ये शिरले. कुलूप नाही, खिट्टी नाही, वॉकीवर शब्द नाही. एक बोल्ट तेवढा आवळायचा होता, एवढ्यासाठी कोण एवढं रामायण करणार? यांनी त्यांना दारातून बाहेर ओढलं आणि तसेच इन्चार्जकडे घेऊन गेले. भाऊजींना फिटरची जागा मिळणार होती, मिळाल्यातच जमा होती. ती गेली. वर त्यांना हेल्पर केलं, तेही भावाच्याच हाताखाली. पाने उचलून द्यायचे, बॅटरी धरायची.

"मशीन थांबलेलंच होतं ना?" त्या संध्याकाळी ते घरात ओरडत होते. "बंद काय नि शटडाऊन काय, शब्दाचे खेळ नुसते! त्या शब्दापायी सख्ख्या भावाचं वाटोळं केलंस तू!"

"तुझा जीव वाचवला," हे म्हणाले.

"माझा जीव? तुझा रुबाब वाचवलास. बघ, एक दिवस तुलाच कळेल."

काय कळेल, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. घरात निरोपांचा पोस्टमन मी. "तुझ्या दिराला सांग, उद्या लवकर निघायचंय." "वहिनी, दादाला सांगा, मला कान आहेत, ऐकलं मी." एका टेबलाशी बसून, मधे फक्त पाण्याचा जग, आणि निरोप माझ्यामार्फत. कामावर तर खाणाखुणांवर चालायचं. आधी मला हसू यायचं, मग वैताग यायला लागला, आणि मग मला खरंच भीती वाटायला लागली. कारण भाऊजी आता रागावतही नव्हते. यांच्याकडे नुसते बघत राहायचे. हे ताटावर मान घालून जेवत असायचे आणि समोरून ते बघत असायचे.

अशाच एका रात्री जेवताना सासऱ्यांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. "बास. उद्यापासून या घरात कुणाचा निरोप कुणी न्यायचा नाही. सूनबाई, तूसुद्धा. काय बोलायचं ते एकमेकांशी बोला, नाहीतर बोलू नका."

त्यांचा हेतू चांगला होता. निरोप बंद झाले की झक मारत बोलतील, असा हिशेब. पण दोघंही त्यांचेच लेक. ते बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकीवर यांचा आवाज आला. "कंट्रोल, थोरला बोलतोय. मिलचं शटडाऊन घेतलं. कुलूप माझं. मी आणि धाकला आत जातोय." मग पंख्याची घरघर, मग बटण सुटलं. माझ्यासमोरच्या पॅनेलवर लाल दिवा लागला. सगळं रोजच्यासारखं होतं. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. आज आत गेलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायचा एकही रस्ता उरला नव्हता.

दुपार होत आली तसे आमचे इन्चार्ज माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. त्यांना आम्ही घाईसाहेब म्हणतो. त्यांच्यासमोर नाही म्हणत, पण मला वाटतं त्यांना माहीत आहे. पीठ भरायला गाड्या खोळंबल्या होत्या आणि साहेबांचा पाय एका जागी ठरत नव्हता. वॉकी उचलून सारखं, "मिल कधी देताय? अरे, मिल द्या." खालून उत्तर नव्हतं. मी काचेतून खाली बघितलं. मिलच्या बाजूनं हे एकटेच निघाले होते, कपाळावरची बॅटरी मागं सरकवत, चहाच्या खोलीकडं. म्हटलं, चला, दम खायला बाहेर आले. मग माझा फोन वाजला, एका पंपाची काहीतरी तक्रार होती, आणि माझं खाली लक्ष राहिलं नाही.

फोन ठेवते तोच वॉकी बोलला.

"कंट्रोल, थोरला बोलतोय. मिलचं शटडाऊन परत. दार लावलं, खिट्टी काढली, कुलूप काढलं. आत कुणी नाही."

आणि मग बटण दाबलेलंच राहिलं. पंख्याची घरघर ऐकू आली. हेच बोलतायत, माझ्या मनात आलं. पॅनेलवरचा लाल दिवा विझून हिरवा लागला. मी सुरू करायच्या बटणावरचं झाकण उघडलं.

"सुटलो बाबा!" साहेब म्हणाले, आणि मग, माणूस घाईचा असला तरी वाईट नाही, त्यांनी वॉकी तोंडाशी नेऊन हळूच विचारलं, "आत कुणी नाही ना रे? नक्की?"

उत्तर लगेच आलं. "नक्की. आत कुणी नाही."

पुन्हा बटण दाबलेलं राहिलं. जरा जास्तच वेळ राहिलं. आमचे हे एक क्षण धरतात, इथं दोन-तीन क्षण झाले, आणि मला वाटलं, आज एवढा कसला विचार चाललाय यांचा? त्या घरघरीत, फार खोलवरून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक आवाज आला.

टक टक.

मग काहीच नाही.

मग एकच टक.

बटण सुटलं.

माझ्या नवऱ्याचा आवाज वॉकीवर मला सांगत होता की आत कुणी नाही, आणि त्याच आवाजाच्या मागं, ड्रमच्या आत, माझा नवरा पत्रा ठोकून बघत होता.

"हं, दे सायरन," साहेब म्हणाले.

"साहेब, ते आत आहेत."

"कोण आत आहे? आत्ता तोच तर बोलला."

"तो भाऊजींचा आवाज आहे. हे आत आहेत."

"अगं, स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ओळखत नाहीस का? काहीतरी डोक्यात घेऊन..." त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पॅनेलकडे आला. मला वाटतं ते मिल चालू करणार नव्हते, सायरनच वाजवणार होते. पण मी त्यांचा हात असा झटकला की ते मागं धडपडले. पॅनेलची किल्ली फिरवून उपसून काढली आणि मुठीत धरली. मग वॉकी उचलला.

"कंट्रोल बोलतेय. मिलचं शटडाऊन मी घेतलं. कुलूप माझं."

बोलले आणि मग लक्षात आलं, आपल्याकडे कुलूप आहे कुठं? कंट्रोलवाल्यांना कधी लागतच नाही. पर्समध्ये स्कूटरच्या चाकाचं कुलूप होतं, गंजकं, साखळीसकट. ते घेऊन जिना उतरले. उतरले म्हणजे पडत पडत पोचले. स्विचरूममध्ये मुख्य खटका वर होता आणि सासऱ्यांचं पितळी कुलूप शेजारच्या खिळ्याला लटकत होतं, तोंड उघडं. मी खटका खाली ओढला, माझी साखळी त्यात ओवली आणि कुलूप दाबलं. ते लागेना. दोनदा दाबलं, लागेना. गंज होता, मी तोंडानं फुंकर मारली, शिवी दिली, तिसऱ्यांदा ते लागलं.

मग जरा श्वास घेतला. वाटलं, वाचले. आता कुणाच्या बापाला मिल चालू करता येणार नाही.

आणि बाप हा शब्द डोक्यात आला तशी मला सासऱ्यांची रिकामी बाही दिसली. खिट्टी! भाऊजींनी खिट्टीही काढली होती. मी घेतलं ते शटडाऊन नव्हतंच. मिल नुसती बंद होती.

मी मिलकडे पळाले. पळताना ओरडत होते, "खिट्टी घाला, खिट्टी!" माझ्यामागं साहेब, त्यांच्या तोंडाला फेस. मिलपाशी भाऊजी उभे होते, वॉकी हातात, आणि ते ड्रमकडे बघत होते. त्यांच्यासमोर ड्रम हलला.

त्याला फिरणं म्हणता येणार नाही. झोपलेल्या जनावरानं कूस बदलावी तसा तो हातभर सरकला. आत गोळे खळाळले. आणि आतलं ठोकणं थांबलं.

मी किंचाळले की नाही मला आठवत नाही. साहेब म्हणतात, किंचाळलीस. त्यांनी आणि भाऊजींनी मिळून खिट्टी ठोकली, भाऊजींनी पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर घातला. दाराचे बोल्ट काढले. दार उघडलं. आत काळोख आणि गरम दगडाचा वास.

"हाक मार," साहेब म्हणाले.

भाऊजी दारात तोंड घालून उभे राहिले. ज्याच्याशी इतके दिवस बोलले नाहीत, त्याला हाक कशी मारायची?

"दादा," ते शेवटी म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "दादा! दादा रे!"

बराच वेळ काही नाही. मग पलीकडच्या खणात काहीतरी घासलं. भिंतीच्या भोकातून आधी हातोडा आला, मग हात, मग यांचं डोकं. कपाळ फुटलं होतं, बॅटरी विझली होती, सगळं तोंड पांढऱ्या पिठानं माखलेलं आणि त्यात रक्ताची एक रेघ. गोळ्यांनी त्यांना आडवं केलं होतं, पण गाडलं नव्हतं. भिंतीच्या बाजूला होते म्हणून. चार पावलं पुढं असते तर मी हे सांगत बसले नसते.

बाहेर येऊन ते जमिनीवर बसले. मला म्हणाले, "दार कुणी लावलं?" तेव्हाही मलाच विचारलं!

"मला वाटलं, तू चहाला गेलास," भाऊजी म्हणाले.

हे त्यांच्याकडे वळले. "गेलो होतो. आलो परत. पलीकडचा एक पत्रा हलतोय, असं मनात आलं."

"मग सांगायचं होतंस ना!"

"कुणाला?" हे म्हणाले.

भाऊजी तिथंच गुडघ्यांवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पांढरा पंजा उमटला पाठीवर. मीही रडले. घाईसाहेबांनी तर स्वतःच्या रुमालानं ह्यांचं कपाळ बांधलं आणि म्हणाले, गाड्या थांबू देत.

संध्याकाळी घरी सासऱ्यांनी दोघांना समोर बसवलं. "आवाज का काढलास त्याचा?" त्यांनी धाकल्याला विचारलं.

"ज्यानं घेतलं त्यानंच परत द्यायचं असतं ना. तो गेला चहाला. साहेब बोंबलत होते. त्याला शोधून त्याच्याशी बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं... लहानपणी काढायचो तसा."

"आत बघितलंस?"

"पाने जागेवर ठेवून आलो आणि बॅटरी मारून बघितलं. अलीकडचा खण रिकामा होता. पलीकडचा कुठं दिसतो?"

"हाक मारलीस?"

त्यांनी सुजलेला अंगठा मुठीत धरला.

"तो ठोकत होता. बाहेर उभ्या माणसाला ऐकू येतं ते. मी उभा राहिलोय तिथं आयुष्यभर."

"कानात बोळे होते, बाबा. पंख्याजवळ बोळे घातल्याशिवाय उभं राहता येत नाही. मला काही ऐकू आलं नाही. आईची शपथ."

सासऱ्यांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं, मग मान हलवली. डावा हात पुढं केला. दोघांनी आपापल्या किल्ल्या त्यात ठेवल्या. पितळी कुलूप त्यांनी कपाटात टाकलं. चूक माझी होती, म्हणाले, एका कुलपाला दोन किल्ल्या देऊन मी कुलपाचं कुलूपपण घालवलं. उद्या दोघांना नवी वेगवेगळी कुलपं आणा. मग जेवणं झाली. दोघं भाऊ बोलत होते. "भात घे अजून." "नको, तूच घे." इतक्या दिवसांनी ते ऐकून मला भरून यायला हवं होतं, आणि आलंही. घर पुन्हा घरासारखं झालं होतं.

भांडी घासता घासता माझा हात थांबला.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात ती गोष्ट. कानात बोळे असले की वॉकी ऐकू येत नाही. खालून कुणाला उत्तर द्यायचं असलं तर आधी बोळा काढावा लागतो. म्हणून तर खालच्या माणसांची उत्तरं नेहमी उशिरा येतात. आणि साहेबांनी विचारलं होतं, तेही हळू आवाजात, "आत कुणी नाही ना रे? नक्की?" भाऊजींचं उत्तर लगेच आलं होतं. नक्की. आत कुणी नाही.

प्रश्न ऐकू आला. मग हातोडा कसा नाही ऐकू आला?

नळ वाहत राहिला. मी स्वतःलाच समजावत होते. ठोकणं त्यांच्या बोलण्यानंतर झालं असेल. लगेच त्यांनी बोळा परत घातला असेल. एका हातानं बटण दाबून दुसऱ्यानं बोळा घालता येतो. येतो का? आणि बटण एवढा वेळ का दाबून धरलं होतं? नक्कल पुरी करायला? की ऐकत होते?

मला माहीत नाही. आजही माहीत नाही. विचारू कुणाला? ह्यांना सांगितलं तर आत्ता कुठं जुळलेलं घर माझ्या तोंडानं मोडेल, तेही कदाचित एका खोट्या संशयापायी. आणि नाही सांगितलं, तर उद्या सकाळी पुन्हा हे पुढं आणि भाऊजी मागं, त्या छोट्या दारातून आत.

हात पुसत मी बाहेरच्या खोलीत आले. सासरे त्यांच्या खुर्चीत होते. टीव्ही बंद होता.

"मिटलं म्हणायचं, सूनबाई," ते म्हणाले.

मी पुसलेले हात पुन्हा पुसत राहिले. त्यांनी मान वर केली.

"मिटलं ना?"

"बंद आहे, मामंजी," मी म्हणाले.

त्यांचा हात रिकाम्या बाहीकडे गेला आणि ती चिमटीत धरून राहिला. मला वाटतं, बोळ्यांचं त्यांना माझ्याआधीच कळलं होतं, नुसती मान हलवताना. थोड्या वेळानं अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "मिलचा खटका? किल्ली कुणाकडे?"

मी पर्समधून स्कूटरच्या त्या कुलपाची किल्ली काढून त्यांना दाखवली. माझं गंजकं कुलूप अजून तिथंच होतं. मी काढलं नव्हतं, आणि मी परत देत नाही तोवर ते कुणी काढणार नव्हतं.

"उद्याही तुझंच राहू दे," ते म्हणाले. "रोजच राहू दे."

तेवढ्यात मागच्या अंधाऱ्या बोळकांडीतून आवाज आला.

"बाहेरचं दार लावून घेऊ का? सगळे आत आहेत ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोण बोललं, हे सांगायचं काम या घरात माझं आहे. मी कान देऊन उभी राहिले. कुणी काही ठोकून बघेल म्हणून वाट बघत राहिले. बोळकांडीत काही हललं नाही, आणि आवाज दोघांपैकी कुणाचा, ते मला सांगता येईना.